घाम

सुनौलीच्या कमानीखालून आले तेव्हा
कुणी काहीच विचारलं नाही.
खाकीतल्या माणसानं केळं सोलता सोलता
मान हलवली, जा.
एक देश संपला, माझ्या चपलेला कळलंसुद्धा नाही.

मग गोरखपूर. मग तीन दिवस गाडी.
भुसावळला कुणाचीतरी चटणी सांडली ओढणीवर,
कल्याणला गाडी बदलली, कराडला उतरलो,
आणि पहाटेची विट्याची एसटी.
सुर्लीच्या घाटात महिपती तोंड उघडं टाकून झोपलेला.
मी पाट्या वाचत होते.
अक्षरं सगळी माझीच, शाळेत गिरवलेली,
काना, मात्रा, डोक्यावरची रेघ.
अर्थ मात्र एकीचाही उघडेना.
भांडी सगळी ओळखीची
आणि आत काय शिजतंय ते कळू नये, तसं.

विचारणारे पुढं भेटले.
नळावर: नेपाळीण ना तू? जात असते का तुमच्यात?
चुलीपाशी: कांदा असा चिरतात होय?
रेशनच्या टेबलाशी: नाव?
दिलमाया.
त्यानं दीपमाला लिहिलं,
वर म्हणाला, शोभतं की.
सासूबाईंनी तांदळात तिसरंच लिहिलं होतं.
तिन्ही नावांनी हाक आली की मी वळते.

शेजारच्या नानी पासष्टच्या.
आमच्याकडं नानी म्हणजे छोटं पोर.
ऐकलं आणि पदर तोंडात कोंबून हसले.
या देशातलं माझं पहिलं हसू ते.

आणि घाम.
आमच्या बोलीत घाम म्हणजे ऊन.
पाल्पात थंडीच्या सकाळी आई ओरडायची,
घाम लागला, बाहेर या,
आणि आम्ही भिंतीला पाठ लावून
घामात संत्री सोलत बसायचो.
इथं पहिल्याच चैत्रात, डाळिंबाच्या बागेत
एक बाई म्हणाली, काय घाम आलाय गं!
मी मान वर करून बघितलं.
सगळ्या खिदळल्या.
नंतर मला वाटलं, माझं चुकलं कुठं?
खानापूर तालुक्यात दोन्ही एकच आहे.

दोन महिन्यांनी महिपती परत गेला.
गलाईची भट्टी बंद ठेवून चालत नाही.
बुटवलला सोनारांच्या गल्लीत
तो मूस तापवतो, तेजाबाच्या धुरानं खोकतो,
माझ्या मुलखातलं पाणी पितो.
मी इथं त्याच्या आईचे पाय चेपते,
टेंभूचं पाणी कधी सुटणार म्हणून विचारते.
तो माझ्या देशात, मी त्याच्या.
फोनवर तो माझ्या भाषेत बोलतो,
मी त्याच्या.
कधी कधी दोघंही अडतो,
मग नुसताच तिकडचा पाऊस ऐकू येतो.

नऊ वर्षं झाली.
काल नानी आल्या धापा टाकत,
आमच्या रामहरीनं केली गं, तुमच्यातलीच!
चल स्टँडावर, तुला तिचं बोलणं कळंल.
तुमच्यातली म्हणजे त्रिशूरची.
नानींच्या हिशेबानं
जे विट्याचे नाहीत ते सगळे एकाच गावचे.
गेले.

एसटीतनं उतरली,
केसांत धूळ, हातात प्लास्टिकची बादली,
बादलीत दोन स्टीलचे डबे आणि छत्री.
भोवती बायका: बोल की गं, बोल.
ती बोलली. मला एक अक्षर कळलं नाही.
मी बोलले. तिलाही नाही.
ती पायावर पाय आवळून उभी होती.
तेवढं कळलं.
हाताला धरून तिला स्टँडामागं नेलं,
बादली घेऊन बाहेर थांबले.
मी त्या दिवशी घरापर्यंत दाबून ठेवलं होतं.
कुणाला विचारणार, आणि कोणत्या शब्दानं.

बाहेर आली तेव्हा जरा माणसात आल्यासारखी वाटली.
कपाळ पुसलं, ओलं बोट माझ्यापुढं धरलं,
भुवया उडवल्या: काय म्हणतात?

मी आधी वर बघितलं,
मग तिच्या बोटाकडं.
घाम, म्हटलं.
तीनदा म्हणून बघितलं तिनं. तिसऱ्यांदा जमलं.